आधी टेलला

आमच्या घरमालकांच्या बैठकीत चहा नेहमी दारापासून सुरू व्हायचा. आतून ट्रे आला की तो आधी उंबऱ्याशी, चपलांच्या ढिगाजवळ बसलेल्या माणसापुढे जायचा, मग त्याच्या शेजारच्याकडे, आणि असा सरकत सरकत सगळ्यात शेवटी मालकांच्या शेजारच्या खुर्चीवरच्या वजनदार पाहुण्याकडे. तोवर चहावर साय धरलेली असायची. ताडकळसच्या शाखेत माझी बदली झाली आणि मी खोली बघायला गेले, तेव्हा बँकेची बाई म्हणून मला त्याच मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं. तो गार चहा मी निमूट प्यायले आणि मनात म्हटलं, बाई गं, कुठल्या विचित्र माणसाच्या घरात येऊन पडतेयस तू.

खोली मात्र चांगली होती. बैठकीच्या वर, नवीन स्लॅबची, वारा भरपूर. भाड्याचं काही बोलायच्या आधी मालकांनी मला गच्चीवर नेलं आणि पाण्याची टाकी दाखवली. म्हणाले, “मॅडम, ह्या घरात तुमी टेलला. तवा पाणी पैलं तुमाला.” टेल म्हणजे काय हे मला कळलं नाही. मी मान हलवली.

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, हे पुढे कळलं, आणि मग इतकं कळलं की कान किटले. काका, मी त्यांना काकाच म्हणायची, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीची सुरुवात येलदरी धरणाच्या कॉलनीत आणि पुढची सगळी हयात कालव्याच्या कडेकडेने. कालव्यात पाणी सुटलं की गेटाजवळचे लोक आधी आपली रानं भरून घेतात आणि शेवटच्या गावाला नुसता चिखल पोचतो. काकांनी आयुष्यभर एकच हट्ट धरला होता, पाणी आधी टेलला न्यायचं आणि मग उलट वर वर येत रानं भिजवायची. नियमही तसाच होता म्हणे. तो सगळ्यांना तोंडपाठ होता, पण त्यासाठी उन्हातान्हात भांडणारे हे एकटे.

नोकरीपुरता राहिला असता तर हट्ट ठीक होता. निवृत्तीनंतर तो घरात शिरला. लग्नाच्या पंगतीत काका वाढायला उभे राहिले की मांडवाच्या पार कोपऱ्यातून वाढत यायचे. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्यांनी व्याह्यांची पंगत तशीच ठेवून आधी बँडवाल्यांना जिलबी वाढायला लावली, आणि व्याही नंतर कितीतरी दिवस फोनवर तुटक बोलत होते. पाण्याने भरलेलं काहीही दिसलं, हौद असो, पिंप असो की कुणाच्या दारातला माठ, की हातातली काठी त्यात बुडवून किती भरलंय ते बघायचे. माठाच्या बाबतीत लोक संतापायचे. एकदा आमच्या शाखेत आले आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या जारवर काठीने टकटक करून शिपायाला म्हणाले, “आरं, तळाला गेलंय की हे. दुपारच्याला काय पितेत लोकं?” त्या शिपायाने त्यांना पुढे कधी नमस्कार केला नाही.

आमचे शाखाधिकारी एकदा काही कामाने त्यांच्याकडे आले, मानाच्या खुर्चीवर बसले आणि दारातल्या मेंढपाळापासून सुरू झालेला चहा आपल्यापर्यंत यायची वाट बघत ताटकळले. परत जाताना मला म्हणाले, “तुमच्या मालकांना माझा राग आहे का काही?” मी सगळं समजावलं. पुढच्या खेपेला साहेब गुपचूप उंबऱ्याजवळ जाऊन बसले आणि गरम चहा प्यायले. माझी आता दुसऱ्या गावी बदली झाली आहे, आणि कुणाच्या लग्नात पंगत बसली की मीही नकळत कोपऱ्यातली जागा धरते. तिथे वाढपी सगळ्यात शेवटी येतो, हे मला तिथे बसल्यावरच आठवतं.

काकांच्या कालव्याला बांध घालणारं घरात एकच माणूस होतं. काकू. मी वर पंखा लावून झोपले असले तरी खाली त्या कोथिंबीरवाल्याशी काय बोलताहेत ते शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. मी खाली त्यांच्याकडेच जेवायची. काका मला कालव्याची गोष्ट सांगायला बसायचे, आणि गोष्ट गेटापाशी पोचायच्या आत आतून काकूंचा आवाज यायचा, “झालं का सुरू? मॅडमला जेवू द्या आदी. कालवा कुटं पळून चाललाय.” काका गप्प व्हायचे आणि मिशीत हसायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही बाई नवऱ्याला फार बोलते. मला वाटायचं, नवरा ती गोष्ट काढतो तीच मुळी हे ऐकायला.

गेटाची गोष्ट काकूंच्या तोंडून ऐकावी. काका नवीन नोकरीत असताना वरच्या अंगाच्या, म्हणजे धरणाकडच्या, काही लोकांनी आमचं गेट उघडंच ठेवा म्हणून दमदाटी केली होती. काका ते गेट बंद करून त्याच्या चाकाशी जाऊन बसले, ते टेलच्या गावाहून पाणी पोचल्याचा सांगावा येईपर्यंत उठले नाहीत. लग्न होऊन नुकत्याच आलेल्या काकू भाकरी बांधून भरावावरून चालत तिथे गेल्या. “ह्यानला भाकर दिली,” काकू सांगायच्या, “आन् त्या लोकाला तोंडभर बोलले. हे काय, नुस्ते बसून ऱ्हायले. टेलला पाणी म्या पोचवलं.” काकांनी हे कधी नाकारलं नाही.

त्या काकू थंडीतल्या एका सकाळी गॅसपाशी उभ्या असताना कोसळल्या. नांदेडला नेलं, अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, हातपायही बऱ्यापैकी परत आले. उजवा हात थोडा लुळा राहिला, भिंत धरून चालता यायला लागलं. पण बोलणं गेलं. त्यांना कळायचं सगळं, नजर पहिल्यासारखीच लख्ख, पण तोंडात एकच शब्द उरला होता, “तेच”. पाणी पाहिजे, तेच. पाय दुखतोय, तेच. आमटीत मीठ नाही, तेच. समोरच्याला उमगलं नाही की त्या कपाळावर हात मारून घ्यायच्या. हळूहळू त्यांनी तेही म्हणायचं सोडलं. त्या घरातली शांतता मला सहन व्हायची नाही. मी वर मुद्दाम रेडिओ लावून ठेवायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की वाचा परत येऊ शकते, पण रोज सराव पाहिजे, आणि पहिले काही महिने महत्त्वाचे. ते वाया गेले तर मग अवघड होतं. असा सराव घेणारं आसपास कुणी नव्हतं. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने संभाजीनगरच्या एका ताईंची रोजची शिकवणी व्हिडिओवर ठरवली, एक टॅब पाठवला आणि घरात वायफाय बसवून घेतलं. तार रस्त्याकडून येणार, म्हणून राउटर बैठकीत लागला. आणि तिथेच माशी शिंकली.

ते घर पुढून नवं आणि मागून जुनं होतं. पुढे स्लॅबची बैठक, मध्ये माजघर, आणि त्याच्या मागे काकूंची खोली आणि स्वयंपाकघर. माजघरापासून मागचं सगळं दगडी, आणि भिंती अशा जाड की खिडकीच्या कट्ट्यावर मूल झोपवावं. बैठकीत नेट पळायचं, माजघरात रांगत यायचं आणि काकूंच्या खोलीत पोचायचंच नाही. मोबाइलची रेंजसुद्धा त्या दगडात शिरत नव्हती. जिना चढून माझ्या खोलीत येणं काकूंना जमणारं नव्हतं. राउटरच आत न्या म्हटलं तर केबलवाला म्हणाला, ह्या भिंतींतून मी तार नेणार नाही. राहता राहिली बैठक.

आणि बैठक म्हणजे चावडी. टेलच्या गावांची माणसं काकांना विसरली नव्हती. कुणी नव्या गव्हाची पिशवी उंबऱ्यात ठेवून जायचं, कुणी नुसतं टेकायला यायचं. बाजारच्या दिवशी तर भाजीवाले, मेंढरं विकून मोकळे झालेले धनगर, एसटीची वाट बघणारे, सगळे तिथेच. पहिल्या दिवशी ताईंनी टॅबवर तांब्याचं चित्र दाखवलं आणि विचारलं, “काकू, हे काय आहे?” काकूंचे ओठ हलले. तेवढ्यात तिघे जण एकदम म्हणाले, “तांब्या.” दुसरं चित्र बैलाचं होतं. चौथ्याने बैलाची जात सांगितली. एक आजोबा टॅबमध्ये डोकं घालून ताईंना विचारू लागले, “तुमी कुण्या गावच्या, बाई?” काकूंनी पदर तोंडाला लावला आणि उठून भिंत धरत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांना दम भरला, कुणी तोंड उघडायचं नाही. कुणी उघडलं नाही. सगळे चिडीचूप बसून काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. ते तर जास्तच वाईट झालं. जिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा तिने आपलं अडखळणं भरल्या बैठकीत कसं दाखवावं? तिसऱ्या दिवशी काकू टॅबसमोर आल्याच नाहीत.

“तिला तिच्या खोलीत नेट पायजे,” काका मला म्हणाले. बँकेत आले होते, काउंटरशी उभे होते. पाण्याच्या जारकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. “मॅडम, सगळी जिंदगी टेलला पाणी पोचवलं म्या. आन् माज्या घरातल्याच टेलला…” मी उगीच स्टॅपलर इकडचा तिकडे केला.

मग मी त्यांना मेशबद्दल सांगितलं. राउटर आहे तिथेच ठेवायचा आणि त्याच्या जोडीला घरात पुढे पुढे छोट्या डब्या बसवायच्या. राउटरकडून पहिली डबी नेट घेते, तिच्याकडून दुसरी. नाव आणि पासवर्ड घरभर एकच, टॅब घेऊन कुठेही जा, तो आपोआप जवळची डबी धरतो. माझं वाक्य संपायच्या आत काकांचे डोळे चमकले. “म्हंजे कालवाच की वो,” ते म्हणाले. “राउटर म्हंजे धरण. डबी म्हंजे गेट.” मी म्हटलं, अगदी बरोबर. झालं, त्यानंतर त्यांनी माझं एक अक्षर ऐकलं नाही.

दोन डब्यांचा संच कुरिअरने बँकेच्या पत्त्यावर आला. कालव्याला पाणी सोडताना करतात तसं काकांनी त्यांना हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी राउटरशेजारी दोन्ही डब्या लावून मोबाइलवरून त्यांची राउटरशी ओळख करून दिली. दोन्हींचे दिवे पांढरे झाले. आता एक माजघरात आणि एक आत लावू, असं मी म्हणेपर्यंत काका दोन्ही डब्या उचलून काकूंच्या खोलीत पोचले होते. एक उशाशी लावली, एक पायथ्याशी. दोन्हींचे दिवे लाल झाले आणि लुकलुकायला लागले.

“काका, इथं डब्यांनाच नेट मिळत नाही, तर त्या पुढे देणार काय?” मी म्हटलं. “एक मध्ये लावा, जिथं थोडं तरी येतंय तिथं.”

“मदी?” काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वरच्या अंगाच्या लोकांना फितूर झालेय. “मदी लावली की मदलेच पितेत सगळं. टेलला काय उरत न्हाई. लय बगितलंय म्या, मॅडम.”

“माजघरात पिणारं आहे कोण? धान्याची कोठी?”

“आज कुणी न्हाई. उद्या कुणी मोबाइल घिऊन बसलं तर?”

मी कपाळाला हात लावला. डब्या तिथेच राहिल्या. काका रोज सकाळी त्यांच्यापुढे उभे राहायचे, फडक्याने पुसायचे, तोंड बैठकीकडे फिरवून ठेवायचे. “येळ लागतो,” म्हणायचे. “सुकल्या कालव्यात पाणी सोडलं की आदी माती पिती.” मग त्यांनी बैठकीतल्या लोकांना मोबाइलवर काही बघायची बंदी केली, म्हणजे आत जास्त जाईल. त्यानेही भागेना, तेव्हा दुपारभर राउटरच बंद ठेवायला लागले, म्हणजे साठा होईल. वर माझंही नेट गेलं. मी तक्रार करायला खाली आले तर म्हणाले, “जरा दम धरा, मॅडम. भरायलाय.”

तिकडे दिवस चालले होते. ताई फोन करून विचारायच्या, कधी सुरू करायचं. मुलगा पुण्याहून चिडायचा. मीही चिडले. काकूंचे मोलाचे महिने वाया चालले होते आणि हा माणूस आपलं तत्त्व कवटाळून बसला होता. एक दिवस मी तोंडावर म्हटलं, “काका, तुमच्या हट्टापायी काकू मुक्या राहतील.” त्यांचा चेहरा एकदम पडला. पण डब्या हलल्या नाहीत. त्यांना मनापासून वाटत होतं की मध्ये डबी लावणं म्हणजे काकूंचा हिस्सा दुसऱ्याला देणं आहे. कुणाचंही ऐकून तो त्यांनी दिला नसता.

शेवटी सोडवलं ते काकूंनी. ते लाल दिवे उशापायथ्याशी लुकलुकत राहायचे आणि त्यांना दुपारची झोप लागायची नाही. एका रविवारी काकांनी टरबूज आणलं म्हणून मी माजघरात फोडी खात बसले होते. काकूंनी आत डाव्या हाताने दोन्ही डब्या उपटल्या, एक ट्रंकेवर टाकली, दुसरी घेऊन भिंत धरत बाहेर आल्या आणि माजघरातल्या मिक्सरशेजारी आदळली. “तेच,” त्या म्हणाल्या. त्यात आमच्या सगळ्यांच्या अकलेचा उद्धार होता.

काका धावले. डबी बिघडली की काय हे बघायला त्यांनी ती तिथल्याच, मिक्सरच्या सॉकेटमध्ये लावली. दिवा लाल लागला, लुकलुकला, आणि थोड्या वेळाने पांढरा होऊन तसाच राहिला. काका वाकून बघत राहिले. मी तोंडात टरबूज धरून गप्प बसले, कारण मी काही बोलले असते तर त्यांनी ती काढून पुन्हा आत नेली असती. मग ते टॅब घेऊन काकूंच्या खोलीत गेले. बाहेर आले, पुन्हा आत गेले आणि ट्रंकेवरची दुसरी डबी लावली. आतून त्यांचा आवाज आला, “पांढरी झाली.”

ते येऊन माजघरात फरशीवर बसले, टरबुजाच्या सालींशेजारी. “मॅडम,” म्हणाले, “गेट कुटं बसवतेत, मालूम हाय का? पाणी आसतंय तितं. कोरड्यात गेट बसवून काय उगडायचं? जिंदगीभर गेटं सांबाळले म्या, आन् घरात येऊन कोरड्यात गेट लावलं.” मग काकूंकडे मान वळवली. “तिनं उपटलं म्हणून. न्हाई तर म्या वाट बगत बसलोच आसतो.” मला हसू आलं. काकू दारात उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी काकूंच्या खोलीत सुरू झाली. काकांना वाटलं होतं, आपण शेजारी बसू, टॅब सरळ धरू, चष्मा देऊ. काकूंनी टॅब घेतला आणि आतून दार लावून घेतलं. काका दारापुढे तसेच उभे राहिले, मग त्यांनी एक स्टूल आणलं आणि माजघरातल्या डबीखाली बसले. मग रोजच बसायला लागले, नजर दिव्यावर ठेवून. त्या वेळात मिक्सर बंद, आणि माजघरात मोबाइल काढायला बंदी. मी एकदा वेळ बघायला पर्समधून काढला तर त्यांनी हात पुढे करून तो काढून घेतला. बैठकीतून कुणी हाक मारायचं, “सायेब, काय करायलात आत?” काका म्हणायचे, “पाणी सुटलंय.” त्या माणसांना एवढं पुरायचं. सगळ्यांचे आवाज खाली यायचे. पाणी सुटलेलं असताना गेटावरच्या माणसाला हाक मारायची नसते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

दाराआडून पुटपुट ऐकू यायची, शब्द नाही. मला मात्र काकू कधीकधी आत घ्यायच्या. पहिला शब्द मोकळा झाला तो “मीठ”. मग “लेक”. “भाकर”ने पार घाम काढला. भाकर म्हणायला जायच्या आणि तोंडातून मीठ निघायचं, आणि मग स्वतःच हसायच्या. ताई गुणी होत्या, घाई करायच्या नाहीत, काकूंच्या बरोबरीने हसायच्या. महिन्या-दोन महिन्यांत त्या खोलीत बरेच शब्द परत आले. पण दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की काकू गप्प. काकांपुढे तर ओठ घट्ट मिटलेले.

काकांना ते लागलं. एका संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी वर निघाले तर म्हणाले, “आत बोलती म्हणं.”

“हो.”

“चांगलं हाय.” मग काठीने फरशीची फट कोरत राहिले. “माज्यापशी न्हाई बोलत.”

“लाज वाटते हो त्यांना,” मी म्हटलं. “तुम्ही त्यांचं आधीचं बोलणं ऐकलंय ना. मी आणि ताई काय, परक्या.”

“मला कसंबी चालतंय की. बोबडं बोलली तरी चालतंय. नुस्ती शिवी दिली तरी चालतंय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुमी सांगून बगा.”

मी सांगून बघितलं. काकूंनी मान हलवली, नाही. ताई म्हणाल्या, आग्रह करू नका, त्यांना वाटेल तेव्हा त्या बोलतील. काकांनी ते मुकाट मान्य केलं. फक्त एक करायला लागले. मी जेवायला बसले की कालव्याची गोष्ट काढायचे. मोठ्याने, काकूंच्या खोलीकडे तोंड करून. गोष्ट गेटापाशी आली की थांबायचे, आत बघायचे. आतून काही यायचं नाही. मग पुढे सांगायचे, कारण सुरू केलेली गोष्ट अर्धी कशी सोडणार. मला ती गोष्ट तेव्हा पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकायला मिळाली, आणि खरं सांगते, तिच्या शेवटाला काही नव्हतं.

त्यानंतरच्या एका बाजारच्या दिवसाची गोष्ट. डबा घरी विसरला म्हणून मी दुपारी खोलीवर आले होते. बैठक गच्च भरलेली. आत काकूंची शिकवणी चालू होती, आणि काका टेलच्या गावच्या एका म्हाताऱ्याला निरोप द्यायला जरा ओट्यापर्यंत गेले होते. तेवढ्यात एक पाहुणा पाणी प्यायला माजघरात गेला. त्याचा मोबाइल बंद पडला होता, हे नंतर कळलं. त्याला सॉकेट दिसलं, त्यात बसलेली पांढरी डबी दिसली. त्याने डबी उपटून मिक्सरवर ठेवली, आपला चार्जर लावला आणि बैठकीत येऊन बसला.

काकूंच्या खोलीचं दार उघडलं. काकू टॅब छातीशी धरून बाहेर आल्या, माजघर ओलांडून बैठकीच्या दारात उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घसरलेला, चेहरा लाल. सगळी बैठक त्यांच्याकडे बघायला लागली.

“ने…” काकू म्हणाल्या. ओठ थरथरले, पुन्हा जुळले. “ने… नेट.” त्यांनी डोळे मिटून घेतले. “नेट गेलं.”

काका ओट्यावरून आत येत होते, ते उंबऱ्यातच थांबले.

“काय म्हणलीस?” त्यांनी विचारलं. एवढा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“नेट गेलं,” काकू म्हणाल्या, या खेपेला सरळ. आणि मग वैतागून, त्या भरल्या बैठकीत, नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “अवो, नेट गेलं की.”

चार्जरवाला खजील होऊन उठला आणि माजघराकडे पळाला. चार्जर ओढून त्याने घाईघाईने डबी सॉकेटला नेली. काका बैठकीतल्या माणसांतून वाट काढत त्याच्यामागे गेले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. त्यांचे गाल ओले झाले होते, आणि पुसायचं भान त्यांना नव्हतं.

“थांब रे बाबा,” काका म्हणाले. “आजून एकदा म्हणू दे तिला.”